श्वास घ्या, पण आधी बायोलॉजी उरका

नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) पेपरला घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या, असा सल्ला परीक्षेच्या ताणावरच्या एका लेखात वाचला. तो चुकीचा नाही, पण 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असताना पोरं श्वास मोजत बसणार का? सुरुवात कुठून करायची हे घरूनच ठरवून जावं. मी स्वतः फिजिक्स शिकवतो, तरी सांगतो: आधी बायोलॉजी. 90 प्रश्न, 360 गुण, आकडेमोड जवळपास नाहीच. तेवढं हातावेगळं झालं की धडधड आपोआप कमी होते. ओएमआरचे (मशीनने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेचे) गोळे मात्र पानागणिक रंगवा. शेवटी एकदम रंगवायला घेतले आणि मधला एक प्रश्न सोडलेला विसरला, की पुढचे सगळे गोळे एकेक घर सरकतात. पेनाने रंगवलेलं, खोडायची सोय नाही!

आणि फिजिक्स अवघड आलं तर ते सगळ्यांनाच आलेलं असतं. 2024 च्या सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला पेपर अवघड आला, तर देशात पहिल्या आलेल्यालाही 686च. पालकांनीही हे ध्यानात घ्यावं. दीड वाजता गेट बंद, पाचला पेपर सुटतो. पोरगं बाहेर आल्या आल्या ‘किती सुटले?’ विचारण्याआधी त्याला काहीतरी खायला घाला हो.