'गुबगुबीत' पायांचा इग्वाना

राजेहो, ती इग्वानाची रील मला पाठवणं आता बंद करा. नागपुरातलाच कुणी पोरगा, सोफ्यावर हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, आणि खाली कमेंट: 'भाऊ, कितीला पडला?' 'काय गुबगुबीत पाय आहेत!'

अहो, ती सूज आहे! कॅल्शियम आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, कमी पडले की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हाड पोकळ होतं आणि त्याच्याभोवती तंतूंचा थर चढतो. पुढे जबडा रबरासारखा होतो, पाय थरथरतात, साध्या उडीनं मांडीचं हाड मोडतं. आणि आपण कमेंटमध्ये बदामाचे इमोजी पाठवतोय.

'खिडकीत ऊन येतं ना' म्हणे. काचेतून यूव्हीबी येत नाही! त्याची वेगळी ट्यूब लागते, आणि ती सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते, कारण उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी संपतं. बसायच्या फांदीवर ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२८, दमटपणा ६५-७० टक्के. आता आपला मे आठवा: बाहेर ४५, हवा ठणठणीत कोरडी. एसी लावला की उरलीसुरली ओलही गेली. थंडीत हीटर हवा, पण थर्मोस्टॅटशिवाय लावला तर पोट भाजतं.

त्यात रीलमध्ये उकडलेलं अंडं चारताहेत! पाला खाणारा प्राणी तो, अंड्या-मांसानं मूत्रपिंड जातं त्याचं. पालकही रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेलं कोहळं, वरून फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर, हे द्या.

बरं, प्राण्यांचे असे व्हिडिओ सगळेच वाईट नाहीत, ते पाहूनच काही लोक सापाला काठी मारायच्या ऐवजी सर्पमित्राला फोन लावायला शिकले. तेवढं मान्य.

पण 'कायदेशीर पेपर देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्यांचं काय? इग्वाना सायटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दुकानाचं बिल म्हणजे नोंद नव्हे.

त्या पोराचा मात्र राग येत नाही. वीतभर पिल्लू हातात ठेवलं कुणीतरी, ते शेपटीसकट दीड मीटरचं होतं हे सांगितलंच नाही. बाबा, वाचत असशील तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठ, एक्स-रे काढ. तोवर उंच फांद्या काढून टाक, उडी मारू देऊ नकोस. आणि नाहीच झेपलं तर फुटाळा तलावावर नेऊन सोडू नकोस रे, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, आधी विचार.