स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपसाठी नसतेच

नमस्कार दादा, वेळ काढून इतकं लिहिलंत, देव बरें करूं. तुमचं म्हणणं असं, की लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलतो, सेटअपला अर्धा दिवस लागतो. त्यासाठी आठवडाभर स्क्रिप्ट (सगळा सेटअप आपोआप करणारी कमांडची फाइल) लिहिणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय गरजेच्या वेळी ती चालणारच नाही.

शेवटचं अगदी खरं. पडून राहिलेली स्क्रिप्ट बिघडतेच. पॅकेजांची (म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरची) नावं बदलतात, डाउनलोडचे पत्ते बदलतात. म्हणूनच ती चालू मशीनवर अधूनमधून चालवायची. मग कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच यायला हवा. खरी मेख इथे आहे.

तुमच्या स्क्रिप्टमधली तुम्ही दिलेली ओळच घ्या. 'इको' या कमांडने पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी) बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग्जच्या फाइलच्या शेवटी जोडता. दहादा चालवली की तीच ओळ दहादा. आधी 'ग्रेप' या शोधायच्या कमांडने ओळ आहे का बघा, नसेल तरच जोडा. फोल्डर बनवणाऱ्या 'एमकेडिर'ला 'पी' हा पर्याय लावा, फोल्डर आधीच असला तरी कुरकुर नाही. एका फाइलकडे बोट दाखवणारी लिंक बनवणाऱ्या 'एलएन'ला नुसता 'एस' दिला तर दुसऱ्या वेळी 'फाइल आहे' म्हणून अडतं. 'एफ' जोडला की सुटतं, पण जुनी लिंक फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर नवी लिंक गुपचूप त्या फोल्डरच्या आत जाऊन बसते. एररही येत नाही! तिथे 'एन'सुद्धा हवा.

अ‍ॅन्सिबल हे मशीन सेटअप करायचं तयार साधन यातलं बरंचसं स्वतः सांभाळतं, पण एकट्याच्या लॅपटॉपला ते मला जड वाटतं. निक्स हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं साधन २००३ पासून आहे, त्यामागचा विचार सुरेख. मात्र ते शिकायला बसलात तर मसाला खरंच महागात पडेल.

स्क्रिप्ट गिटवर (फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवली तर चाव्याही तिथे जातील, ही तुमची भीती रास्त. एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची) खाजगी चावी रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या फोल्डरात, ठेवायचीच नाही, रिपॉझिटरी प्रायव्हेट असली तरी. प्रत्येक मशीनवर नवी बनवायची. मशीन गेलं तर तेवढीच रद्द करायची.

राहिला अर्धा दिवस. चवथीला गावच्या घरी, चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाईलच्या नेटवर तो मोजून बघा. हाताने सेटअप करायचा तर दर दहा मिनिटांनी स्क्रीनपाशी यावं लागतं, त्यात वीज गेली की कुठवर आलो होतो तेच आठवत नाही. मी कमांड देतो आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायला जातो. मध्येच तुटलं तर तीच कमांड पुन्हा.

तुमची आहे ती स्क्रिप्ट आज लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी जी एरर येईल ती इथेच टाका, तिथून पुढे बोलू.