‘चाळीस पौंड घेतले, पण भांडले नाहीत’ या एक-स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. आम्ही तुमच्या पेस्लिपमधले सुट्टीचे पैसे तपासून दिले, त्याबद्दल तुमच्या तक्रारी चार आहेत. पेस्लिपवर सुट्टीच्या पैशांचे १२.०७ऐवजी १०.७७ टक्के दिसत असूनही आम्ही तो फरक धरला नाही, एजन्सीला स्वतः फोन केला नाही, मुदतीचा धाक दाखवून घाई केली, आणि एवढ्यासाठी ४० पौंड घेतले. लेस्टर-कॉव्हेंट्रीकडच्या गोदामांत एजन्सीमार्फत काम करणारी बरीच मराठी मुलं हे वाचणार, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचे आकडे किंवा एजन्सीचं नाव इथे लिहिणार नाही. खालची उदाहरणं गोल आकड्यांची आहेत.

आधी टक्क्यांचं. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवडे पगारी सुट्टी हा कायद्याने ठरलेला किमान हक्क आहे, आणि एजन्सीच्या कामगारालाही तो पहिल्या दिवसापासून लागू होतो. ५२ आठवड्यांतून ५.६ वजा केले की कामाचे ४६.४ उरतात. ५.६ भागिले ४६.४ म्हणजे १२.०७ टक्के. हा आकडा मूळ पगारावर वरून द्यायचा असतो. मात्र करारातला दर ‘सुट्टी धरून’ असेल, तर एकूण रकमेतला सुट्टीचा वाटा ५.६ भागिले ५२, म्हणजे १०.७७ टक्के येतो. एकूण ६०० पौंड असतील तर मूळ पगार ५३५.३८ आणि सुट्टीचे ६४.६२. हे ६४.६२ म्हणजे ६००चे १०.७७ टक्के आणि ५३५.३८चे १२.०७ टक्के. रक्कम तीच, मोजायचा पाया वेगळा. अम्ब्रेला कंपन्यांच्या (एजन्सीच्या कामगाराला आपल्या नोकरीत दाखवून पगार देणाऱ्या मधल्या कंपन्यांच्या) पेस्लिपवर १०.७७ दिसतं ते बहुधा यामुळे. मित्राच्या पेस्लिपवर १२.०७ आहे, एवढ्यावरून तुम्हाला कमी मिळालं असं ठरत नाही.

ठरतं ते करारातल्या शब्दांवरून. एजन्सीने काम ठरण्याआधी जे ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ द्यायचं असतं (६ एप्रिल २०२० पासून ते बंधनकारक आहे), त्यात दर सुट्टी धरून आहे की सुट्टी वेगळी, हे पाहायचं. दर १४ पौंड आणि ‘सुट्टी वेगळी’ असं लिहिलेलं असताना पेस्लिपवर तेच १४ पौंड फोडून १२.४९ आणि १.५१ केले असतील, तर तो सरळ कमी दिलेला पगार आहे. ‘सुट्टी धरून’ असं आधीच लिहून दिलं असेल आणि पेस्लिपवर सुट्टीची ओळ वेगळी असेल, तर टक्क्यांवरून भांडण उभं राहत नाही. तरीही एक तपासणी उरते. सुट्टीचा पैसा किमान वेतनात मोजता येत नाही. २१ आणि त्याहून जास्त वयाच्यांचं तासाचं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून १२.२१ पौंड होतं आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ आहे. म्हणजे हाच १४चा दर आधी नियमात बसत होता, एप्रिल २०२६ नंतर बसत नाही. असा फरक ‘१०.७७ दिसतंय’ म्हणून ओरडून सापडत नाही, मूळ दर सुटा करून पाहावा लागतो.

पैसे खरे गळतात ते दुसरीकडे. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सुट्टीचे टक्के फक्त साध्या तासांवर लावणं. ३० तास १३ पौंडाने म्हणजे ३९०, आणि दर आठवड्याला ठरल्यासारखा मिळणारा १० तासांचा ओव्हरटाइम १९.५० ने म्हणजे १९५. बेरीज ५८५, त्यावर सुट्टीचे ७०.६१ व्हायला हवेत. एजन्सीने ३९०वरच मोजलं तर ४७.०७ येतात. आठवड्याला २३.५४चा फरक, वीस आठवड्यांत जवळजवळ ४७१ पौंड. नियमितपणे मिळणारा ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा जादा दर हिशेबात धरायचाच असतो. कधीतरी एकदाच केलेली जादा शिफ्ट आणि प्रवासखर्च मात्र त्यात येत नाहीत, आणि ते घुसवले की एजन्सी तेवढंच धरून सगळा दावा फेटाळायला बघते. दुसरी चूक ८.३३ टक्क्यांची. ती चारच आठवड्यांच्या सुट्टीचा, म्हणजे ४ भागिले ४८ चा, हिशेब करते. उरलेले १.६ आठवडे गायब.

दर आठवड्याच्या पगारासोबतच सुट्टीचे पैसे देण्याची पद्धत १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून कायदेशीर आहे, पण ती अनियमित तासांच्या आणि वर्षाचा काही भागच काम असणाऱ्या कामगारांसाठी. ज्याचे तास करारातच पक्के आहेत त्याला सुट्टी प्रत्यक्ष घेऊ द्यायची आणि तेव्हा पगार द्यायचा. पगार रोजच्या रोज बदलत असेल तर त्या सुट्टीचा दर मागच्या ५२ पगारी आठवड्यांच्या सरासरीने काढतात. ज्या आठवड्यांत पगारच नव्हता ते वगळून मागे जायचं, जास्तीत जास्त १०४ आठवड्यांपर्यंत. काही पेरोल सॉफ्टवेअर अजून जुन्या १२ आठवड्यांवर चालतात, किंवा शून्याचे आठवडे धरून सरासरी खाली ओढतात. पेस्लिप शेजारी शेजारी ठेवल्या की हे लगेच दिसतं.

तुम्ही ज्यावर एक ओळही लिहिली नाही, तो मुद्दा मला टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. एकाच ठिकाणी एकाच स्वरूपाच्या कामात १२ आठवडे भरले, की पगार आणि सुट्टी त्या कंपनीच्या थेट कामगारांच्या बरोबरीने मिळायला हवी. थेट कामगाराला ३३ दिवस सुट्टी असेल तर ते ६.६ आठवडे होतात आणि टक्केवारी १४.५४ वर जाते. मधला खंड सहा आठवड्यांपर्यंतचा असेल तर मोजणी थांबते आणि पुन्हा तिथूनच पुढे चालते. त्याहून मोठा खंड पडला तर बहुतेक कारणांसाठी पुन्हा शून्यापासून. ही बरोबरी मागायला गोदामातल्या कायम कामगाराच्या सुट्टीचा आकडा लागतो. तो एजन्सीकडे लेखी मागायचा असतो. आमच्या टिपणात तो मजकूर तयार करून दिला होता.

आता घाईची तक्रार. एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलकडे (नोकरीविषयक न्यायाधिकरणाकडे) जायची मुदत शेवटच्या कमी आलेल्या पगारापासून तीन महिने वजा एक दिवस आहे. शेवटचे पैसे १२ जूनला कमी आले असतील तर ११ सप्टेंबर हा शेवटचा दिवस, १२ सप्टेंबर नव्हे. २०२५च्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्यात ही मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद आहे, पण ती अमलात येईपर्यंत तीनच धरायचे. त्या मुदतीत आधी एकॅसकडे (नोकरीच्या वादांत समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) समेटाची नोंद करावी लागते. ती केली की घड्याळ थांबतं. एजन्सीला इमेल करून ते थांबत नाही, आणि तुमचा गैरसमज नेमका इथे आहे. ‘पेरोल टीम बघतेय’ असं उत्तर दर आठवड्याला येत राहतं आणि तीन महिने निघून जातात. बऱ्याच जणांचा दावा त्यातच मरतो. मागचे सगळे कमी आलेले पैसे एकाच साखळीचे म्हणून मागता येतात. २०२३च्या ॲग्न्यू खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मध्ये तीन महिन्यांचं अंतर पडलं म्हणून साखळी आपोआप तुटत नाही असं ठरवलं. पण इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये दोन वर्षांपेक्षा मागे जाता येत नाही, आणि शेवटची कडी मुदतीत असावीच लागते.

फोन आम्ही का केला नाही, तर तशी आम्हाला परवानगीच नाही. नोकरीविषयक दावे दुसऱ्याच्या वतीने चालवण्याच्या धंद्याला एप्रिल २०१९ पासून फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेचा परवाना लागतो. आमचं काम पेरोल आणि हिशेबाचं. पेस्लिप तपासतो, फरक काढतो, तक्ता आणि पत्राचा मसुदा देतो. पैसे भरण्याआधी तुम्ही सही केली त्या कागदावर हेच मराठीत लिहिलेलं आहे. ‘जिंकलो तरच फी’ म्हणणारे वकील मिळतात, पण ट्रिब्युनलच्या प्रकरणात ते वसुलीच्या ३५ टक्क्यांपर्यंत घेऊ शकतात. ४७१ पौंडांतले दीडशेच्या वर त्यांना द्यायचे की स्वतः एक फॉर्म भरायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. एकॅसची नोंद मोफत आहे आणि ट्रिब्युनलच्या ईटी१ अर्जालाही फी नाही.

फॉर्म भरताना अडकायला होतं ते नावापाशी. एजन्सीचा लोगो आणि पगार देणारी कंपनी बहुधा वेगळी असते. पेस्लिपवरचं पूर्ण कायदेशीर नाव घ्या, कंपनीज हाउसच्या (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर ते अक्षर-अक्षर जुळवा. एजन्सी, अम्ब्रेला आणि (१२ आठवड्यांचा मुद्दा असेल तर) गोदामवाली कंपनी, प्रत्येकासाठी एकॅसची स्वतंत्र नोंद करा. एकॅसच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि अर्जावर दुसरं असेल तर अर्ज परत येऊ शकतो. त्याच संकेतस्थळावर कंपनी बंद करायचा प्रस्ताव दिसला तर येणेकरी म्हणून लगेच हरकत नोंदवा.

तक्त्याला सहा रकाने पुरतात: पगाराची तारीख, तास, हिशेबात धरायचा एकूण पगार, मिळालेले सुट्टीचे पैसे, मिळायला हवे होते ते, फरक. सगळं कर कापण्याआधीच्या रकमेवर. बँकेत आलेल्या रकमेवर केलेला हिशेब एजन्सी एका ओळीत उडवून लावते. समेट झालाच तर सीओटी३वर (एकॅसच्या समेटाच्या करारावर) सही करण्याआधी ‘सर्व दावे’ हे शब्द नीट वाचा. सुट्टीच्या तीनशे पौंडांसाठी बाकीचे हक्कही सोडले जातात.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक सूचना. थकलेला पगार मागितल्याने व्हिसाची अट मोडत नाही. पण सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात २० तासांची मर्यादा असेल आणि टाइमशीटवर जास्त तास दिसत असतील, तर तीच टाइमशीट पुराव्यात जाणार हे लक्षात घ्या. आधी विद्यापीठाच्या मोफत सल्ला कक्षात इमिग्रेशन सल्लागाराशी बोला, मग पाठवा. भारतात परतल्यावरही अर्ज ऑनलाइन करता येतो. फक्त व्हिडिओवरून साक्ष द्यायची असेल तर तुम्ही परदेशात आहात हे ट्रिब्युनलला आधी कळवावं लागतं, कारण परदेशातून साक्ष देण्यासाठी त्या देशाच्या परवानगीचा प्रश्न येतो.

पी४५ (नोकरी सुटताना मिळणारा कराचा कागद) हातात पडल्यावर पेस्लिपचं पोर्टल बहुधा बंद होतं, म्हणून सगळ्या पेस्लिप त्याआधी उतरवून ठेवा. राहिल्या असतील तर डेटा संरक्षण कायद्याखाली आपली माहिती मागणारा इमेल करा. उत्तर साधारण महिन्याभरात यावं लागतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. अम्ब्रेला कंपनी सुट्टीचे पैसे साठवून ठेवत असेल तर पेस्लिपच्या तळाशी शिल्लक असते. काम सुटताना न घेतलेल्या सुट्टीचे पैसे शेवटच्या पगारात आलेच पाहिजेत. ‘वर्ष संपलं, शिल्लक गेली’ हे उत्तर कंपनीने आधी सुट्टी घ्यायची आठवण केली नसेल, संधी दिली नसेल आणि ती बुडेल असं बजावलं नसेल तर टिकत नाही.

आता तुमच्या बाबतीत उरलेलं एवढंच: तुम्ही पेस्लिप दिल्या, पण करार आणि की इन्फर्मेशन डॉक्युमेंट अजून दिलेलं नाही. त्यामुळे टिपणात १०.७७च्या ओळीपुढे ‘कागद पाहून ठरेल’ असं लिहिलं होतं, ‘येणं नाही’ असं नव्हे. ते दोन कागद पाठवा. तपासणी त्याच ४० पौंडांत पूर्ण होईल. पण एकॅसची नोंद त्याआधी करा.

मालक, पेरोल व हिशेब सेवा, लेस्टर