एका सहीचे अंदाजपत्रक

महापालिकेचे सभागृह पुन्हा भरू लागले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी अध्यक्षांनी कट्ट्यावर विषय काढला. अध्यक्ष म्हणजे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष. त्यांना कट्ट्यावर नावाने कोणी हाक मारत नाही आणि त्यांनाही ते आवडते. "चार वर्षे शहर कसे सुतासारखे सरळ चालले होते," वर्तमानपत्राची घडी कट्ट्यावर आपटत ते म्हणाले, "आता पुन्हा नगरसेवक, पुन्हा स्थायी समिती, पुन्हा टक्केवारी. माझे ऐकाल तर प्रशासकच कायम ठेवायला हवा होता. सिंगापूरला बघा."

अध्यक्ष सात वर्षांपूर्वी पाच दिवसांसाठी सिंगापूरला जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून कोणतीही चर्चा त्या बंदरावर थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

"अरे, तुझे ऐकून भागत नाही म्हणून तर राज्यघटना लिहावी लागली," वकील म्हणाले. ते अध्यक्षांचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे त्यांना कोणताही मुलाहिजा नसतो. "चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिच्यातले कलम २४३-यू सांगते की महापालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून एक दिवस अधिक नाही, आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी व्हायला हवी. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. तरीही मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. नवी मुंबई, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवलीची मुदत तर २०२० मध्येच संपली होती, म्हणजे तिथल्या मतदारांची एक अख्खी पंचवार्षिक मुदत कोणीतरी गिळून टाकली."

"ओबीसी आरक्षण न्यायालयात अडकले होते, त्याला सरकार काय करणार?"

"आयोग, आकडेवारी आणि ५० टक्क्यांची मर्यादा अशा तीन अटी घालणारा तिहेरी चाचणीचा निकाल मार्च २०२१ मध्ये आला, हे खरे. पण मुंबईच्या २२७ जागा एका सरकारने २३६ केल्या आणि पुढच्या सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या, ते कोणत्या न्यायालयाने सांगितले होते? शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयालाच निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. यात एकाही पक्षाचे हात कोरडे नाहीत."

इथपर्यंत ताई काही बोलल्या नव्हत्या. त्यांची सगळी नोकरी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली. राजकारणावर बोलणे सुरू असते तेव्हा त्या रस्त्याकडे बघत बसतात आणि पैशांचा विषय निघाला की सरसावून बसतात. कट्ट्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण मी जे लिहून ठेवतो ते बहुधा त्यांचे असते.

"मुदतीचे वकीलसाहेब बघून घेतील, मला सहीचे सांगा," त्या म्हणाल्या. "मुंबईला १८८८ चा कायदा आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा. दोन्ही कायद्यांनी आयुक्त, स्थायी समिती आणि सभागृह मुद्दाम वेगवेगळे ठेवले. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, स्थायी समितीने ते चाळणीतून काढायचे आणि सभागृहाने मंजूर करायचे. १९४९ च्या कायद्यात करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे आहेत, तेही सभागृहानेच. प्रशासक आला की या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. तोच प्रस्ताव पाठवतो, तोच छाननी करतो आणि तोच मंजुरीची सही करतो. माझ्या खात्यात एखाद्या कारकुनाने स्वतःचे बिल स्वतः तपासून स्वतःच अदा केले असते, तर लेखापरीक्षकाने त्याला त्याच दिवशी घरी बसवले असते."

"पण त्याच एका सहीने रस्ते झाले की नाही?"

"झाले असतील. कोणते रस्ते आधी आणि कोणते नंतर, हे कोणी कोणाला विचारले?"

या प्रश्नावर मला स्वतःचाच अनुभव आठवला. आमच्या गल्लीतल्या चेंबरचे झाकण खचले, तेव्हा मी तक्रार नोंदवली आणि चौथ्या दिवशी भ्रमणध्वनीवर 'तक्रार निकाली' असा संदेश आला. झाकण जसेच्या तसे होते, शेजाऱ्यांनी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या दारात जाऊन दोन शब्द सुनवता येत. तो काम करायचाच असे नाही, पण पुन्हा मत मागायला यायचे आहे हे त्याला आठवत असे. 'निकाली' असे लिहिणाऱ्याला माझ्या मताची गरज नव्हती.

ताईंनी पिशवीतून आमच्या महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे जाड पुस्तक काढले, जमेच्या बाजूचे पान उघडले आणि वाऱ्याने ते उलटू नये म्हणून वर चष्म्याचे घर ठेवले. "हा रकाना प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेचा, हा सुधारित अंदाजाचा आणि हा पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा. वर्तमानपत्रे तिसरा रकाना छापतात आणि लोक तोच वाचतात. मी आयुष्यभर पहिला वाचला. या दोन रकान्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढी देणी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. नगरसेवकही काही कमी नव्हते. स्थायी समितीत जमेची बाजू फुगवायची, म्हणजे खर्चाच्या बाजूला आपापल्या प्रभागाची कामे बसवता येतात, आणि वर्ष संपत आले की वर्गीकरणाचे ठराव आणून जलवाहिनीचा पैसा पदपथाच्या फरशीकडे वळवायचा. पण तो ठराव सभेच्या कार्यपत्रिकेवर यायचा, विरोधक आरडाओरड करायचे, दुसऱ्या दिवशी छापून यायचे. निदान दिव्याच्या उजेडात चालायचे सगळे. अध्यक्षसाहेब, तुम्ही चोर नको म्हणून दिवाच काढून टाकायला निघालात."

अध्यक्ष म्हणाले की मुंबईच्या ठेवी पाहा, प्रशासक असताना तिथे पैशाला कोणी हात लावू शकत नव्हते. यावर वकिलांनी त्यांना आठवण करून दिली की २०२२ मध्ये त्या ठेवी ९० हजार कोटी रुपयांच्या पुढे होत्या आणि २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ८२ हजार कोटींवर आल्या होत्या. "त्यातला मोठा भाग प्रकल्पांसाठीच बाजूला ठेवला होता, हे मला मान्य आहे. पण कोणत्या कामासाठी किती मोडायचे यावर निवडून आलेल्या सभागृहात तासभरही चर्चा झाली नाही, कारण सभागृहच नव्हते."

ताईंचे बोट तोवर जमेच्या बाजूच्या एकाच ओळीवर येऊन थांबले होते. ती ओळ वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानाची होती. मला विचाराल तर सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घेत असे ती जकात वाईटच होती. नाक्यांवर ट्रक ताटकळत आणि तिथला भ्रष्टाचार तर उघड होता. पण ती शहराची स्वतःची होती. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला मुंबईची जकातही गेली. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेला भरपाईचा पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा मिळाला आणि तेव्हापासून प्रत्येक महापालिका महिन्याच्या सुरुवातीला मंत्रालयाकडे डोळे लावून बसते.

"कायद्यानेच वाढ बांधून दिली आहे, वर्षाला आठ टक्के," ताई म्हणाल्या. "शहरात व्यापार दुप्पट झाला तरी आठ, बाजारपेठ ओस पडली तरी आठ. मग महापालिकेने बाजारपेठ वाढवायची ती कोणासाठी? हाताशी मोठा कर म्हणून उरला मालमत्ता कर, त्यातही सूट जाहीर करायला मंत्रालय पुढे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ च्या १ जानेवारीला माफी जाहीर झाली, निवडणूक तोंडावर आलेली असताना. पुण्यात १९७० पासूनची ४० टक्के सवलत राज्यानेच काढली आणि २०२३ मध्ये राज्यानेच परत दिली. गरिबाला सूट द्यायला माझी ना नाही. पण माफीचा हार मंत्र्यांच्या गळ्यात आणि खड्डा महापालिकेच्या तिजोरीत, ही कुठली रीत?"

अध्यक्षांनी "सिंगापूरला..." असे म्हणून तोंड उघडले होते, तेवढ्यात वकिलांनी त्यांना हाताने थांबवले.

"सिंगापूर राहू दे. तुझ्या सोसायटीवर निबंधकांनी प्रशासक नेमला होता, ते वर्ष आठव. मुदत संपली तरी तू निवडणूक घेतली नव्हतीस म्हणून नेमला होता, हेही आठव. त्याने सभा न घेता देखभाल शुल्क वाढवले, तेव्हा रात्री अकरा वाजता माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला कोण आले होते?"

"ती गोष्ट वेगळी होती," अध्यक्ष म्हणाले.

"त्यातले वाक्य तूच सांगितले होतेस, मी फक्त उतरवून घेतले. 'सभासदांच्या पैशाचा निर्णय सभासदांना न विचारता घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.' खाली तुझी सही आहे. अजून माझ्या फायलीत आहे ते पत्र."

अध्यक्षांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. ते काही बोलणार इतक्यात वकील म्हणाले, "आणि त्या पत्राची फीही अजून यायची आहे."

"एवढे जुने बिल आता कोणत्या खात्यातून द्यायचे?" अध्यक्षांनी विचारले, आणि विचारताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की ताईंनी पुस्तक मिटून घेतले.

"मागील दायित्व म्हणून दाखवा," त्या म्हणाल्या. "तरतूद नसेल तर सिंगापूरच्या सहलीतून वर्गीकरण करा. पण ठराव मात्र सभेपुढे आणा."

कट्टा हसण्यात बुडाला. सगळ्यांत शेवटी हसू थांबले ते अध्यक्षांचे.