रॅम वाढवून मावशीचं लग्न सुधारत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि माहेरच्या भावंडांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या कॅसेट किंवा स्क्रीन रेकॉर्ड करताना फ्रेम ड्रॉप होतात? म्हणजे तुमचा पीसी कमकुवत आहे. १६ जीबी रॅम टाका, ग्राफिक्स कार्ड बसवा, फास्ट इंटरनेट घ्या, सेटिंग ६० एफपीएस ठेवा. कॅसेट टीव्हीवर नीट दिसत असेल तर दोष शंभर टक्के पीसीचाच. काउंटर शून्य झाला की काम फत्ते.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

हा सल्ला मी पैसे मोजून पाळला आहे, म्हणून लिहायला बसले. मावशीच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची होती. लग्न १९८९चं, गिरगावातलं. कॅप्चर सुरू केलं की ड्रॉपचा, म्हणजे गळलेल्या फ्रेमचा (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र), आकडा चढायचा. दहा मिनिटांत चार, वीस मिनिटांत अकरा. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. ‘मॅडम, रॅम किती? आठ? सोळा करा, विषय संपला.’ सोळा केली. घरी येऊन तीच कॅसेट लावली. दहा मिनिटांत चार, वीस मिनिटांत अकरा.

आता मेसेजमधले मुद्दे घेते, पण माझ्या क्रमाने. सगळ्यात जास्त खड्ड्यात घालणारं वाक्य त्यात जवळजवळ शेवटी आहे.

‘कॅसेट टीव्हीवर नीट दिसते, म्हणजे दोष पीसीचाच.’

नाही. टीव्ही समजूतदार असतो, डोंगल (व्हीसीआरचा सिग्नल यूएसबीतून कॉम्प्युटरमध्ये घेणारा छोटा डबा) नसतो. आपल्याकडच्या कॅसेट पॅल पद्धतीच्या: सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या. प्रत्येक रेष सुरू होताना सिग्नलमध्ये एक ठोका येतो, त्याला सिंक म्हणतात. टेप नवी आणि व्हीसीआर धड असेल तर हे ठोके बऱ्यापैकी वेळेवर पडतात. पस्तीस वर्षं मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडलेली टेप कुठे ताणलेली असते, कुठे चुरगळलेली. मग ठोके मागेपुढे होतात. पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही ते सांभाळून घेतो. ठोका जरा उशिरा आला तर रेषही जरा उशिरा ओढतो. चित्राचा वरचा काठ किंचित वाकतो, आपण सोफ्यावरून बघत असतो, कळतही नाही. कॅप्चर डोंगलमधल्या चिपला मात्र ठरलेल्या वेळात आख्खी फ्रेम लागते. सिंक हुकला की तिने फ्रेम सोडलीच.

दोष कोणाचा हे ओळखायला एक पैसा लागत नाही, वही लागते. कॅसेटचा तोच वीस मिनिटांचा तुकडा तीनदा कॅप्चर करा आणि ड्रॉप कुठल्या प्रसंगावर पडला ते दर वेळी लिहा. तिन्ही वेळा त्याच जागी पडला तर कॅसेट किंवा व्हीसीआर. दर वेळी नव्या जागी पडला तर कॉम्प्युटर, केबल किंवा पोर्ट. माझ्या वहीत तिन्ही रकान्यांत १४:२० आणि १९:०५ या वेळांभोवती गर्दी होती. १४:२० ला अंतरपाट खाली येतो, आणि शूटिंगवाल्याने नेमका तिथेच कॅमेरा थांबवून दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू केला आहे. त्या जोडावर सिग्नल उडी मारतो. १९:०५ ला टेपवर आडवी चुणी आहे, फ्लॅप उचलून टेप हाताने फिरवली तेव्हा डोळ्यांनी दिसली. यात सोळा जीबी रॅमने काय करायचं होतं?

उपाय व्हीसीआरच्या बाजूला आहेत. कॅप्चरच्या आधी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. ट्रॅकिंग (हेड आणि टेप यांची जुळणी) हाताने लावा. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण कापसाने नाही (तंतू अडकतात), आणि वरखाली तर कधीच घासू नका. ते हेड तुटलं तर नवं यंत्र मिळायचं नाही. व्हीसीआर बनवत राहिलेली जपानची फुनाई कंपनीही २०१६ साली थांबली. आणि कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटला लागते, आणि पावसाळ्यात ती कशी पसरते हे इथे कोणाला सांगायला नको.

एवढं करूनही सिंक उड्या मारत असेल तर मधे टाइम बेस करेक्टर (सिंकचे ठोके पुन्हा वेळेवर आणणारं यंत्र) लागतो. तो महाग असतो. पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसता सिग्नल आरपार जाऊ देतानाही तो बऱ्यापैकी सावरतात. मी नणंदेच्या माळ्यावरचा एक मागून आणला, व्हीसीआर आणि डोंगल यांच्यामध्ये जोडला. अकराचे तीन झाले. खर्च: एक केबल आणि नणंदेकडे नेलेले पेढे.

‘१६ जीबी रॅम टाका.’

हिशोबच मांडू. पॅलची एक फ्रेम ७२० बाय ५७६, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट: साधारण ०.८३ एमबी. सेकंदाला २५ म्हणजे २०.७ एमबी, तासाला ७५ जीबीच्या आसपास. हे अजिबात न दाबलेल्या व्हिडिओचं. हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक (चित्र न बिघडवता डेटा दाबणारी पद्धत) वापरला तर साधारण निम्मं. आलेला डेटा डिस्कवर जाईपर्यंत रॅममध्ये थांबतो, बस. डिस्क सेकंदाला १५ एमबीच लिहीत असेल तर दर सेकंदाला पावणेसहा एमबी तुंबणार. एक जीबीची जागा तीन मिनिटांत भरेल, चार जीबीची बारा मिनिटांत. गच्चीवरच्या टाकीसारखंच: मोठी टाकी उशिरा वाहते, पण वाहतेच.

तेव्हा बघायचं ते डिस्ककडे. बरेच जण थेट पेनड्राइव्हवर कॅप्चर करतात. स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला सुसाट लिहितो आणि मग बैलगाडी होतो. शिवाय तो एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर फाइल ४ जीबीला अडते. आतल्या डिस्कवर घ्या, नंतर कॉपी करा. त्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

ज्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही ते म्हणजे यूएसबी, आणि माझ्या अनुभवात कॉम्प्युटरच्या बाजूचा निम्मा त्रास तिथेच असतो. डोंगल, बाहेरची हार्डडिस्क आणि माउस एकाच हबवर. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तोही सगळ्यांत वाटून. डोंगलचा व्हिडिओ बहुधा अशा पद्धतीने येतो की हुकलेला तुकडा पुन्हा मागायची सोयच नसते. गेला तो गेला. म्हणून डोंगल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये, हबशिवाय, एकटा लावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा. आणि मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून कॅप्चर करू नका. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

‘ग्राफिक्स कार्ड बसवा.’

कॅसेटसाठी गरज नाही. स्क्रीन किंवा गेम रेकॉर्ड करत असाल तर मात्र मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं मान्य. फुल एचडीच्या सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दाबण्याआधी सुमारे १८७ एमबी, कॅसेटच्या नऊपट. ते सगळं प्रोसेसरकडून दाबून घ्यायला गेलात तर तो धापा टाकणार. पण हे काम करणारा वेगळा भाग इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये २०११पासून आहे, क्विक सिंक नावाने. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) बदलायचा, एवढंच. कार्ड त्यानंतर.

ओबीएस वापरणाऱ्यांनी त्यातली स्टॅट्सची खिडकी उघडून बघावी. तिथे तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम: ग्राफिक्सवर ताण, गेमचा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बांधून ठेवा. एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या: एन्कोडरला झेपत नाही, प्रीसेट (दाबण्याची तयार सेटिंग) हलका करा. आणि तिसरा आकडा नेटवर्कचा. ‘ड्रॉप’ हा शब्द तिथे फक्त या तिसऱ्यासाठी आहे.

‘फास्ट इंटरनेट घ्या.’

वरचाच तिसरा आकडा. गणपतीची आरती लाइव्ह दाखवताना पुण्याच्या काकूंना चित्र अडकलेलं दिसलं तर नेट बघा, बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवा. स्वतःच्या डिस्कवर रेकॉर्ड करताना राउटर बंद केलात तरी चालेल.

‘सेटिंग ६० एफपीएस ठेवा.’

कॅसेटमध्ये २५ आहेत. तुम्ही ६० मागितल्या तर सॉफ्टवेअर उरलेल्या दुबार भरणार, आणि २५ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून काही दोनदा, काही तीनदा. चालणारा माणूस अडखळत चालतो. पॅलला २५ ठेवा. अमेरिकेहून आलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी (तिकडची पद्धत), तिला २९.९७.

‘काउंटर शून्य झाला की काम फत्ते.’

हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण ओबीएस स्वतःच्या घड्याळावर चालतं: डोंगलकडून नवी फ्रेम आली नाही तर आधीचीच पुन्हा लिहितं आणि काउंटर शून्यच राहतो. उलट व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये काही ड्रॉप मुद्दाम केलेले असतात. साउंड कार्डचं आणि व्हिडिओचं घड्याळ तंतोतंत जुळत नाही, म्हणून आवाज सरकू नये यासाठी ते अधूनमधून एक फ्रेम काढतं किंवा घालतं. ते दर काही मिनिटांनी नेमाने पडतात, कॅसेटमधल्या प्रसंगाशी त्यांचा संबंध नसतो. ते बंद केलेत तर आकडा शून्य होतो, आणि तासाभराने अक्षता आधी पडतात, ‘सावधान’ नंतर ऐकू येतं.

खरी तपासणी डोळ्यांनीच. फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा, कॅमेरा वळतोय किंवा कोणी चालतंय असा तुकडा काढा, आणि ई हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मामाने त्याच्या मुंजीची कॅसेट एका दुकानातून करून आणली होती, ‘झिरो ड्रॉप’ असं बिलावर लिहून. परवा त्याच्यासमोर बसून बघितली. बटू चालतोय: एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्या दाबाला हललाच नाही. पुन्हा पाच, पुन्हा तेच. फाइल ३० एफपीएसची निघाली, २५ च्या ३० केलेल्या. नशीब, कॅसेट त्याने परत आणली होती. शनिवारी ती माझ्याकडे येतेय, डीव्हीडी रेकॉर्डर अजून नणंदेला परत केलेला नाही.