‘आजीबाईच्या बटव्याला मुलामा’: मधुनाशिनीवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मधुनाशिनी या मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या वेलीवरील माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत: मेषशृंगी हे नाव मी चुकीचे वापरले, 1990 चे अभ्यास फार लहान आहेत, यकृताला होणाऱ्या संभाव्य अपायाबद्दल मी लिहिले नाही आणि, मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीचा दाखला देत, आपल्याच शब्दांत, ‘मेटफॉर्मिनसारखे खरे औषध असताना आजीबाईच्या बटव्याला विज्ञानाचा मुलामा देणे थांबवा.’

नावाबाबत आपले म्हणणे रास्त आहे. मेषशृंगीशी मिळतेजुळते मेढशिंगी हे नाव महाराष्ट्रात ज्याला आहे तो वृक्ष वेगळा आणि बेडकीचा पाला किंवा गुडमार म्हणतात ती मधुनाशिनीची वेल वेगळी. मी हा फरक स्पष्ट करायला हवा होता.

‘मुलामा’ हा शब्द मात्र मला लागला, कारण त्यात अभ्यासू मतभेदापेक्षा हेटाळणी अधिक आहे. मी 27 वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. या पाल्यातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चवीच्या ग्राहींना, म्हणजे गोडी ओळखणाऱ्या रचनांना, अडवतात, आणि पाला चावल्यावर गोडी कळेनाशी होते ही गोष्ट 1847 मध्येच लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली गेली होती. आतड्यातून ग्लुकोज कमी शोषले जाते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींतून इन्सुलिन अधिक स्रवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. यात मुलामा कोणता? आणि ज्या मेटफॉर्मिनचा दाखला आपण माझ्या तोंडावर फेकलात, त्याचे मूळही गलेगा नावाच्या युरोपातील वनस्पतीत आहे. तिच्यातील ग्वानिडीन वर्गाच्या द्रव्यांचा माग काढत काढतच संशोधक त्या औषधापर्यंत पोहोचले आणि 1957 मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कुणी ‘बटवा’ म्हणून नाक मुरडले असते, तर आज आपण कोणत्या गोळीचे नाव घेतले असते?

माझे वडील मधुमेही होते. कुंपणावरच्या वेलीची दोन पाने चावल्याशिवाय ते सकाळचा चहा घेत नसत. एकदा कुतूहलाने मीही पाने चावली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला, तर तो मातीच्या ढेकळासारखा विरघळला. अर्धा तास तरी मला गोड म्हणून काही कळले नाही. वडिलांच्या गोळ्या सुटल्या नाहीत, परंतु जेवणानंतरचा पेढा त्यांनी आपणहून सोडला आणि पुढे तपासण्या पाहून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आपण पुरावा मागता. मी तो घरात वर्षानुवर्षे पाहिला आहे.

आपण आक्षेप घेतलेल्या 1990 च्या अभ्यासांपैकी मद्रासच्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाचे 22 रुग्ण होते, हे मी लेखातच लिहिले होते. आपल्या नेहमीच्या गोळ्यांसोबत त्यांनी 18 ते 20 महिने रोज या पाल्याचा 400 मिलिग्रॅम अर्क घेतला आणि त्यांपैकी 5 जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. संख्या लहान आहे, पण लहान म्हणजे खोटी नव्हे.

यकृताचे म्हणाल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाला घेऊ नये आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना साखर फार खाली जाऊ शकते, हे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचण्याचे कष्ट आपण घेतले नसावेत. नावाची दुरुस्ती मी आजच केली आहे.