‘कॅसनोवा’ विसरलो नव्हतो, टाळला होता

नमस्कार. बॉबी-संजय या मल्याळम सिनेमातल्या पटकथाकार भावांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण तिच्यात दम आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: बॉबी-संजय पडले पटकथाकार आणि सिनेमा असतो दिग्दर्शकाचा. ‘ट्रॅफिक’ (२०११) राजेश पिल्लै यांचा असताना मी सगळे हार या दोन भावांच्या गळ्यात घातले आणि त्यांनीच लिहिलेल्या ‘कॅसनोवा’बद्दल मात्र मिठाची गुळणी धरली.

दुसरा आरोप आधी घेतो, कारण तो खरा आहे. २०१२ सालचा सिनेमा, मोहनलाल, दुबई, आणि पटकथा बहुधा विमानतळावरच राहून गेलेली. मी अर्ध्यातून उठलो होतो. त्याच वर्षी याच भावांनी लाल जोससाठी ‘अयाळुम ञानुम तम्मिल’ लिहिला. ही दोन टोकं शेजारीशेजारी मांडायला हवी होती.

पहिला आरोप मात्र गळी उतरत नाही. रोशन अँड्र्यूजच्या ‘नोटबुक’मधली (२००६) एक शाळकरी मुलगी मैत्रीण गेल्यावर गप्प बसते आणि बोल दुसऱ्या मैत्रिणीला लागतो. ‘अयाळुम’मधल्या डॉ. रवीला एक पोलिस अडवतो, त्याचं लग्न हुकतं. पुढे त्याच पोलिसाच्या मुलीला तपासायला तो नकार देतो. आणि मनू अशोकनचा ‘काणेक्काणे’ (२०२१, बघायचा असेल तर पुढचं वाक्य गाळा): अपघातात पडलेल्या बायकोपाशी नवरा पोचतो आणि तिला उचलत नाही. दिग्दर्शक तीन, पण दर वेळी बरा म्हणावा असा माणूस ऐनवेळी कच खातो आणि उरलेला सिनेमा त्याचं व्याज फेडत बसतो. बॉबी पेशानं डॉक्टर. ही चलबिचल इस्पितळातूनच आली असावी, असा माझा आपला तर्क.

‘ट्रॅफिक’मधला सुदेवन तर लाच घेताना सापडलेला कॉन्स्टेबल, घरातही मान खाली घालून वावरणारा. कोचीहून पालक्काडला दोन तासांत प्रत्यारोपणासाठी हृदय पोचवायचंय, गाडी चालवायला कुणी पुढे येईना, तेव्हा हा येतो. स्टिअरिंगमागचा श्रीनिवासनचा चेहरा पुन्हा बघा, किती ओशाळलेला आहे. सिनेमाचा वेग पिल्लैंचा, एकदम कबूल. ते ओशाळलेपण कागदावरून आलंय.

पिल्लैंनीच तो हिंदीत केला, मुंबई-पुणे रस्त्यावर. २०१६ साली तो लागायच्या आधीच ते गेले. त्या घाटात आपण तासन्‌तास अडकलेलो, समोर मनोज वाजपेयी, तरी माझा जीव काही टांगणीला लागला नाही. दिग्दर्शक तोच होता, हे मी तुम्हाला सुनावू शकलो असतो. पण गोष्टही भावांचीच होती, त्यामुळे राहू दे.

मूळ लेखात पिल्लैंवर एक परिच्छेद वाढवतोय. ‘कॅसनोवा’वरही लिहिलं असतं, पण त्यासाठी राहिलेला अर्धा बघावा लागेल.